सुवर्णपदक ३७ सेकंदांचे, मेहनत दर दोन तासांची

२०२४ च्या जून महिन्यात 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला आणि आपल्या कॅम्पातल्या कितीतरी तरुणांना मुरलीकांत पेटकर हे नाव पहिल्यांदा कळले. कार्तिक आर्यनने काम केले, तेव्हा कुठे सांगली जिल्ह्यातला हा माणूस उल्हासनगरच्या पोरांपर्यंत पोहोचला. त्याआधी बावन्न वर्षे त्यांचे सुवर्णपदक जागच्या जागी होते, आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. असो. चित्रपटामुळे का होईना, पोरे विचारू लागली, की कमरेखालचे शरीर लुळे पडलेला माणूस पोहतो कसा आणि जगात पहिला येतो कसा?

आरोग्याच्या पानावर खेळाडूची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. कारण ही गोष्ट जितकी खेळाची आहे तितकीच दवाखान्याची आहे. चित्रपटात जिद्द दिसते, टाळ्या दिसतात. त्या जिद्दीला ज्यांनी उभे केले ते वॉर्डबॉय, नर्स, फिजिओथेरपिस्ट, दर दोन तासांनी बदललेली कूस, स्वच्छ ठेवलेली लघवीची नळी, हे पडद्यावर फारसे येत नाही. आम्ही त्याच बाजूने ही गोष्ट सांगणार आहोत.

मुरलीकांत राजाराम पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हे शेजारच्याच कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे, त्यामुळे त्या भागात कुस्तीचे वेड घराघरांत. मुरलीकांतांनाही लहानपणी कुस्तीचाच नाद. पुढे ते लष्करात भरती झाले, ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या दलात जवान म्हणून. तिथे ते मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले आणि १९६४ साली टोकियोत झालेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळून आले.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक गोळी पाठीच्या कण्यापाशी अडकली ती कायमचीच. कमरेखालचा भाग गेला. ज्याचे सगळे आयुष्य पायांच्या चपळाईवर उभे होते, त्या मुष्टियोद्ध्याचे पाय गेले.

इथून चित्रपट पुढे पळतो. आपण जरा थांबू.

पाठीचा कणा म्हणजे नुसती हाडांची माळ नव्हे. त्या माळेच्या आतून मज्जारज्जू जातो, मेंदूचा निरोप हातापायांना पोहोचवणारी मुख्य वायरच म्हणा. ती ज्या ठिकाणी तुटते किंवा चेंगरते, त्याच्या खालचे सगळे बंद पडते. हालचाल जाते, स्पर्श जातो, लघवी-संडासची जाणीव आणि ताबा जातो. मानेत इजा झाली तर हातही जातात, पाठीत किंवा कमरेत झाली तर हात शाबूत राहतात. तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडून पूर्ववत करणारे औषध आजही जगात कुठेच नाही. कोणी बाबा, वैद्य किंवा पेपरातली जाहिरात तसे सांगत असेल तर पैसे घरीच ठेवा.

पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते. असा रुग्ण बहुधा कण्याच्या इजेने मरत नाही. तो मरतो पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीतून मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या जंतूंनी. पहिल्या महायुद्धातले असे बहुतेक जखमी सैनिक याच दोन कारणांनी गेले. डॉक्टरही हात टेकायचे. ते बदलले एका माणसाने. लुडविग गुटमान हे जर्मनीतले नामांकित मेंदू व मज्जारज्जू तज्ज्ञ. ते ज्यू होते, म्हणून हिटलरच्या राजवटीत त्यांचे काम हिरावले गेले. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी व्यवस्था कशी असते हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला गेले. १९४४ च्या फेब्रुवारीत तिथल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूच्या जखमींसाठी त्यांनी वेगळा विभाग सुरू केला.

योगायोग बघा. त्याच काळात, त्याच महायुद्धासाठी, इकडे कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी होती. तिच्या बराकी म्हणजेच आजचे आपले उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्यात राहायला आले, मग पोटापाण्यासाठी आपली माणसे आली, आणि कॅम्प, बराक, ब्लॉक हे शब्द आपल्या पत्त्यात कायमचे बसले.

गुटमान यांनी काय केले? कसलेही नवे औषध नाही, यंत्र नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, दिवसा आणि रात्रीही. रात्री ते स्वतः वॉर्डात येऊन पाहत. मूत्राशय स्वच्छतेचे सगळे नियम पाळून रिकामे करायचे. आणि रुग्णाला लवकरात लवकर बसते करून हाताला काम द्यायचे, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, आणि खेळ. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. चौदा पुरुष, दोन स्त्रिया, सगळे व्हीलचेअरवर. त्यातूनच १९६० साली रोममध्ये पहिली पॅरालिम्पिक झाली. म्हणजे आज टीव्हीवर दिसणारी ही सगळी पदके मुळात वॉर्डातल्या उपचाराची लेकरे आहेत.

पेटकर मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात आले तेव्हा ही पद्धत जगभरच्या लष्करी रुग्णालयांत रुजत होती. तिथे फिजिओथेरपीचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. पाण्यात का? गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला स्वतःच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग पेलावा लागतो. जमिनीवर ओझे वाटणारे पाय पाण्यात तरंगतात. खांदे, छाती आणि फुप्फुसे यांना भरपूर काम मिळते. कोमट पाण्यात पायांचे झटके आणि ताठरपणाही सैल पडतो. आणि एक गोष्ट पुस्तकात लिहिलेली नसते. पाण्यात उतरल्यावर खुर्ची काठावर राहते. माणूस मोकळा होतो.

ते पोहू लागले, त्याबरोबर भालाफेक, गोळाफेक, टेबल टेनिसही. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले. १९७० ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य, गोळाफेकीत कांस्य. मग १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग. ज्या जर्मनीने गुटमान यांना देशोधडीला लावले होते, तिथेच त्यांच्या कल्पनेतली ही स्पर्धा भरली होती. पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. तो जागतिक विक्रम होता. पाय मारता येत नाहीत, उलट ते मागे ओढ देतात, सगळा जोर दोन हातांचा. भारताच्या कुठल्याही खेळाडूने ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिकमध्ये मिळवलेले हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्राचे सुवर्ण त्यानंतर ३६ वर्षांनी आले.

देशाने काय केले? पुण्याच्या टेल्को कंपनीत ते नोकरी करत राहिले. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते. पदकानंतर तब्बल ५२ वर्षांनी. पोहायला सदतीस सेकंद लागले, ओळखायला अर्धे शतक.

आता आपल्या गल्लीत येऊ.

कॅम्प २ मधल्या एका तरुणाकडे आम्ही गेलो होतो. सुतारकाम करायचा, फर्निचरच्या कामावर माळ्यावरून खाली पडला. दोन वर्षे झाली. घर म्हणजे बराकीतली एक खोली, पुढे गटार, दाराला उंबरठा. तो दिवसभर खाटेवर. आई धुण्याभांड्याची कामे करून येते आणि त्याचे सगळे करते. माकडहाडावर तळहाताएवढी जखम. शेजारच्या बाया येऊन 'भोग आहेत, दुसरे काय' म्हणून जातात. आमच्यातल्या एकाने उत्साहाने त्याला पेटकरांची गोष्ट सांगितली, मोबाइलवर चित्रपटाचा तुकडाही दाखवला. त्याने शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "दादा, त्यांना मिलिटरीचा दवाखाना होता. मला कोण आहे?"

आम्ही गप्प झालो. तो बरोबरच बोलत होता.

प्रेरणा म्हणून आपण जी नावे घेतो त्यांच्याकडे या प्रश्नाच्या उजेडात पाहायला हवे. दीपा मलिक यांनी २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवले, पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. कण्यातल्या गाठीमुळे त्यांचे छातीखालचे शरीर लुळे आहे. त्यांची जिद्द जबरदस्तच, पण घर लष्करी अधिकाऱ्याचे. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे सुयश जाधव यांचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्याने गेले. ते पोहत राहिले आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण आणले. आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले, हाताला गँगरीन झाले, तोच माणूस २०२४ ला पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेऊन आला. या दोघांना लष्कर नव्हते. पण कोणी ना कोणी शिकवणारे, नेणारे-आणणारे, खर्च करणारे होतेच. पेटकरांच्या परदेश प्रवासालाही क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला होता.

विहारात आपण दहा पारमितांची नावे घेतो. त्यांत वीर्य आहे आणि अधिष्ठानही आहे. हाती घेतलेले काम सगळ्या ताकदीनिशी न सोडता करणे आणि ठरवलेल्या ध्येयावरून न ढळणे. पण त्याच यादीत करुणा आणि मैत्रीही आहेत, आणि त्या रुग्णाकडून मागायच्या नसतात, त्या आपण द्यायच्या असतात. खाटेवरच्या माणसाला नुसते 'जिद्द ठेव' सांगून निघून येणे म्हणजे वीर्याचा भार त्याच्यावर टाकून मैत्रीच्या बाबतीत आपण हात झटकणे. आणि 'भोग' हा शब्द तर आपल्या घरात चालता कामा नये. माळ्याला कठडा नव्हता म्हणून तो पडला, मागच्या जन्मी काही केले म्हणून नव्हे.

त्या तरुणासाठी जे आम्ही डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिकांना विचारून घेतले, ते इथे सगळ्यांसाठी देतो.

सुरुवात अपघाताच्या जागेपासून. उंचावरून, लोकलमधून किंवा गाडीवरून पडलेला माणूस पाय हलवू शकत नसेल, पाठ-मान दुखते म्हणत असेल, तर त्याला हातपाय धरून झोळीसारखा उचलू नका, रिक्षात वाकवून बसवू तर मुळीच नका. आपल्याकडे हेच होते, चांगल्या भावनेने होते, आणि अर्धवट चेंगरलेला मज्जारज्जू तिथेच पुरता तुटतो. १०८ ला फोन करा. जागा धोक्याची नसेल तर हलवू नका. हलवावेच लागले तर चार जणांनी मिळून डोके, मान, पाठ, कंबर एका सरळ रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे एकदम वळवा आणि फळीवर घ्या. दाराची फळी, प्लायवुडचा तुकडा, काहीही चालेल. फर्निचरच्या गावात फळीची वाण नाही.

सगळ्याच रुग्णांना अपघात झालेला नसतो, हेही सांगून ठेवतो. कण्याचा टीबी आपल्या दाटीच्या वस्त्यांत आढळतो. महिनोन्महिने पाठ एकाच जागी दुखते, रात्री जास्त दुखते, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरते, मग पायात मुंग्या आणि अशक्तपणा. हा आजार वेळेत ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो आणि टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मालिश करत बसलो तर पाय जातात.

आता खाटेवरच्या जखमेचे. जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे, म्हणजे माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, एकाच जागी दाब राहिला की रक्त थांबते आणि कातडी मरते. रुग्णाला दुखत नाही, म्हणून कळत नाही. पहिली खूण म्हणजे लालसर किंवा काळपट डाग, जो दाब काढला तरी जात नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून पाहा, ती जागा गरम किंवा कडक लागते. रोज आंघोळीच्या वेळी सगळे अंग तपासा. रुग्णाचे हात चांगले असतील तर त्याच्या हातात आरसा द्या, त्याची कातडी त्यालाच पाहू द्या. दर दोन तासांनी कूस बदला. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा हवेत राहतील. खुर्चीत बसत असेल तर दर पंधरा ते वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन ढुंगण उचलायचे किंवा बाजूला झुकायचे. मध्ये भोक असलेली रबरी गोल गादी बाजारात मिळते, ती घेऊ नका, तिच्या कडांनी दाब उलट वाढतो. हवा भरणारी गादी, ज्याला सगळे एअर बेड म्हणतात, ती उपयोगी आहे, पण ती घेतली म्हणून कूस बदलणे थांबवायचे नाही. डाग पडला असेल तर तो चोळू नका. जखमेत हळद, पावडर, तंबाखू भरू नका. जखम खोल असेल, वास येत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

दोन तासांची पाळी एकट्या आईने किंवा बायकोने सांभाळणे शक्य नाही. ती माऊली महिन्याभरात स्वतःच आजारी पडते, तिची कंबर जाते. त्या तरुणाच्या बराकीत आता चार घरांनी वेळा वाटून घेतल्या आहेत. दुपारी बाराची कूस शेजारचे आजोबा बदलतात, ते निवृत्त आहेत आणि बरोबर घड्याळ लावून येतात. रात्रीसाठी मोबाइलचा गजर. ज्या बाया 'भोग' म्हणत होत्या त्यांतल्याच एक आज दुपारी चारची पाळी करतात.

लघवीबाबत लाज बाळगू नये. कायमची नळी ठेवण्याऐवजी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करून ती काढून घेणे बहुतेक रुग्णांसाठी चांगले असते, आणि हात चालत असलेला रुग्ण हे स्वतः शिकतो. दवाखान्यात परिचारिका शिकवतात, मागितले तर. हात साबणाने धुणे हा त्यातला अर्धा उपचार. लघवी गढूळ झाली, घाण वास आला, थंडी वाजून ताप आला तर वाट पाहू नका. आणि मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्याचे डोके एकाएकी ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला तर आधी त्याला बसते करा, नळी कुठे दुमडली आहे का बघा, घट्ट कपडे सैल करा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या. रक्तदाब भलताच चढलेला असतो.

खाण्यात प्रथिने हवीत, जखम भरायला तीच लागतात. अंडी, डाळ, चवळी, सुकट, शेंगदाणे, जे परवडेल ते. महागडे पावडरचे डबे लागत नाहीत. पाणी आणि रुग्ण जिवावर आलेले असतात तेव्हा दारू जवळ येते. ती मूत्रपिंडाला, कातडीला आणि मनाला तिन्हीकडे मारते. तो हसत-बोलत नसेल, जेवण टाकत असेल, मरणाच्या गोष्टी काढत असेल, तर त्याला 'पेटकर बघ' म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. तोही आजारच आहे आणि त्याला औषध आहे.

हातांचा व्यायाम खाटेवरही होतो. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे वजन. ती बाजूला, वर, पुढे, दिवसातून दोनदा. खाटेला दोरी बांधून स्वतःला ओढून बसणे. लुळे पाय मात्र दुसऱ्याने रोज हलवून द्यायचे, नाहीतर सांधे आखडतात. पोहणे हे त्यापुढचे पाऊल. उघडी जखम असताना पाण्यात उतरायचे नाही, मूत्राशय रिकामे करून उतरायचे, पायांत मोजे घालायचे, कारण तलावाच्या काठाने कातडी सोलली तरी कळत नाही, आणि शिकलेला माणूस जवळ असल्याशिवाय कधीच नाही. वालधुनीत किंवा उल्हास नदीत प्रयोग करू नका, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

'मला कोण आहे?' या प्रश्नाचे उत्तरही शोधले. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून. लोकलने दादरला उतरून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी. तिथे फिजिओथेरपी, व्हीलचेअर, कामधंद्याचे प्रशिक्षण, सगळ्याची माहिती एका छताखाली मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळाले की सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, व्हीलचेअरसारख्या साधनांसाठी केंद्राची योजना, अशी दारे उघडतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. महानगरपालिकेला आपल्या निधीतून दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा त्याचा हिशेब विचारा.

आणखी एक. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेचे काम पुढे गेले. त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा आला. कामगाराचा 'मिलिटरीचा दवाखाना' म्हणजे हाच. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचे ईएसआय कापले गेले पाहिजे. कामावर अपघात झाला तर उपचार, आणि कायमचे अपंगत्व आले तर आयुष्यभर दरमहा पैसे. त्या तरुणाचे नाव मालकाच्या वहीत कधी चढलेच नव्हते. जीन्सचे, फर्निचरचे, पिशव्यांचे काम करणाऱ्या आमच्या वाचकांनी या महिन्यात एवढे करावे, आपला ईएसआय नंबर आहे का हे विचारावे. पडण्याआधी.

त्याची जखम आता रुपयाएवढी उरली आहे. तो रोज तीन तास बसतो आणि मांडीवर पाट घेऊन लाकडी खेळणी घासतो. पोहण्याचे त्याने अजून काही विचारलेले नाही. मात्र विहारात वंदनेला यायचे आहे असे म्हणाला आणि तिथे आमची पंचाईत झाली. विहाराला तीन पायऱ्या आहेत. व्हीलचेअरच्या उतारासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आम्ही टेप घेऊन मोजले, तिन्ही पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे उतार अठरा फुटांचा हवा. अंगण आहे चौदा फूट. मध्ये एक वळण घ्यावे लागेल आणि वळणावर खुर्ची फिरण्यापुरती पाच फुटांची सपाट जागा. आराखडा त्याच तरुणाने कागदावर काढून दिला आहे, सुतार आहे तो. सिमेंट, विटा आणि दोन गवंडी हवे आहेत. रविवारी सकाळी वंदनेनंतर काम सुरू होईल.